दुर्मिळातील दुर्मिळ गुन्हा (फाशीचा निकष)

दुर्मिळातील दुर्मिळ गुन्हा : खुनासारख्या गुन्ह्यात जन्मठेप पुरेशी आहे की फाशीच द्यायला हवी, हे ठरवण्यासाठी भारतीय न्यायालये वापरतात तो निकष. ‘बचनसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मे १९८० मध्ये तो घालून दिला. एखादे अमानुष कृत्य उघडकीस आले की ‘भर चौकात फाशी द्या’ अशी मागणी उठते. या मागणीत गृहीत असते की कृत्य जितके निर्घृण तितकी फाशी रास्त. निकष तसा नाही, आणि त्यावरचा बराचसा वाद याच गैरसमजातून होतो.

ब्रिटिश अमदानीत खुनाला फाशी हा रिवाज होता. न्यायाधीशाने जन्मठेप दिली तर त्याची कारणे लिहावी लागत. ही अट १९५५ मध्ये गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पारडे पूर्ण फिरवले : जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ नोंदवायची. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद टिकून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच्याही पुढचे मत ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत मांडले होते. फाशीच्या प्रत्येक शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयात अपील असावे का, यावर चर्चा चालू असताना, त्यापेक्षा फाशीच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल, असे ते म्हणाले.

बचनसिंग खटल्यात बहुमताने फाशी घटनात्मक ठरवली, पण गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही तोलायला सांगितला : त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. तो सुधारणार नाही हे सरकार पक्षाने दाखवायचे, आणि दुसऱ्या शिक्षेचा मार्ग निर्विवादपणे बंद झाला असेल तरच फाशी द्यायची. न्या. पी. एन. भगवती यांनी विरोधी मत दिले; ही शिक्षा मनमानीपणे दिली जाईल, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९८३ च्या मच्छीसिंग खटल्यात खुनाची पद्धत, हेतू, व्याप्ती अशा कसोट्या आल्या आणि ‘समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तेव्हापासून तराजू गुन्ह्याच्या बाजूला कलत गेला. पुढे राजस्थानातील रावजी खटल्यात गुन्हेगार नव्हे, तर गुन्ह्याचे स्वरूपच विचारात घ्यायचे असे न्यायालयाने म्हटले. हे बचनसिंग निकालाच्या सरळ विरुद्ध होते. त्या आरोपीला १९९६ मध्ये फाशी झाली. निकालातली चूक सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली ती मे २००९ मध्ये, महाराष्ट्रातील बरियार खटल्यात.

त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी जालना जिल्ह्यातील भोकरदन खटल्याचा निकाल लागला होता. जून २००३ मध्ये शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, बलात्कार झाला आणि पाच जणांचे खून झाले. क्रौर्याच्या कोणत्याही कसोटीवर हे प्रकरण पहिल्या रांगेत बसते. भटक्या जमातीतील सहा मजुरांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांना जन्मठेप दिली, पण एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रावजी निकालाचा आधार घेत, सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढे त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे निष्पन्न झाले. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचारात सर्वांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलतेच चौघे ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई आणि नव्याने तपास, असा आदेश निघाला. दरम्यान सोळा वर्षे सरली होती. सहा निरपराधांना फाशीच्या छायेत ठेवून मृतांच्या आप्तांना काय मिळाले? शिक्षा पुरेशी होती का हा प्रश्न इथे येतच नाही. ती चुकीच्या माणसांना झाली होती.

दोष निर्विवाद असला तरी फाशी होतेच असे नाही. पुण्यातील जोशी-अभ्यंकर खूनसत्रातील चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये, तर २६/११ च्या हल्ल्यातील अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, दोन्ही वेळा येरवडा कारागृहातच, फाशी देण्यात आली. असा सुटसुटीत शेवट मात्र विरळा. मुलांचे अपहरण करून त्यांचे खून करणाऱ्या कोल्हापूरच्या गावित भगिनींची फाशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दयेच्या अर्जांवर सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे धूळ साचली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. पुण्यातील २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या हत्येतही विलंबामुळेच फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद झाली. दयेच्या अर्जाला अवाजवी उशीर हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात स्पष्ट केले होते. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. पण पीडित कुटुंबाला आधी फाशीचे आश्वासन द्यायचे आणि पंधरा-वीस वर्षांनी कागदपत्रांच्या दिरंगाईपायी ते मोडायचे, ही फसवणूक फाशीच्या समर्थकांनी हिशेबात धरलेली दिसत नाही.

मधला मार्ग २००८ मध्ये श्रद्धानंद खटल्यात निघाला : शिक्षेत सूट न देता मरेपर्यंत किंवा ठरावीक दीर्घ मुदतीची जन्मठेप. २०१५ मध्ये घटनापीठाने त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी, कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात, दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता, फाशी रद्द करण्याची शिफारस केली. जन्मठेपेहून फाशीची जरब अधिक बसते याला पुरावा नाही, असे आयोगाचे म्हणणे. संसदेचा कल उलट राहिला : १२ वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला २०१८ मध्ये, तर जमावाने केलेल्या हत्येला २०२३ च्या न्याय संहितेत फाशीची तरतूद झाली.

शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीची मानसिक स्थिती, पार्श्वभूमी व तुरुंगातील वर्तन यांचे अहवाल मागवणे २०२२ च्या मनोज निकालाने आवश्यक केले. नागपूरमधील चार वर्षांच्या मुलीवरील अत्याचार व हत्येच्या खटल्यात फाशी कायम होऊन फेरविचार आणि दयेचे अर्जही फेटाळले गेले होते. तरीही, हे अहवाल मागवलेच गेले नव्हते म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून केवळ शिक्षेवर नव्याने सुनावणीचा आदेश दिला.