‘असं असं’ म्हणून चालणार नाही: मुलांना संवाद शिकवणारा पत्त्यांचा खेळ रचताना

१९६०च्या दशकात अमेरिकेत सॅम ग्लुक्सबर्ग आणि रॉबर्ट क्राउस या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक खेळ खेळायला दिला. टेबलाच्या दोन बाजूंना दोन मुलं, मध्ये आरपार न दिसणारा पडदा. दोघांकडे सारखेच सहा ठोकळे आणि ते ओवायला एक उभी दांडी. एका मुलाने ठोकळा उचलायचा, त्यावर काय आहे ते सांगायचं आणि दांडीत ओवायचा. दुसऱ्याने नुसतं ऐकून तोच ठोकळा शोधायचा आणि त्याच क्रमाने ओवायचा. ठोकळ्यांवर ओळखीच्या प्राण्यांची चित्रं होती तोवर बालवाडीतली मुलंही हे छान करत होती. मग ठोकळ्यांवर वेड्यावाकड्या, नाव नसलेल्या आकृत्या आल्या आणि सगळं गडबडलं.

एकाच आकृतीला कुणी ‘आईची टोपी’ म्हणालं, कुणी ‘अंगठी’, कुणी ‘सिंह’, तर कुणी ‘साप’. एका मुलाने एका आकृतीला ‘बाबांचा शर्ट’ म्हटलं आणि दुसऱ्या आकृतीला ‘बाबांचा आणखी एक शर्ट’. पलीकडच्याला यातून काय कळणार? पलीकडचं मूल ठोकळा उचलून ‘हाच का?’ असं विचारायचं आणि अलीकडचं मूल, पडद्यामुळे तो ठोकळा दिसत नसतानाही, हो किंवा नाही सांगून मोकळं व्हायचं.

नंतर संशोधकांनी मुलांना त्यांचेच शब्द परत ऐकवले, तेव्हा मात्र त्यांनी बरोबर ठोकळा उचलला. म्हणजे ‘आईची टोपी’ हे वर्णन त्या मुलापुरतं अर्थपूर्णच होतं. शब्द कमी पडत नव्हते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती टोपी नाही, हे लक्षात येत नव्हतं. पुढच्या प्रयोगात वेगवेगळ्या इयत्तांची मुलं घेतली. पाचवीतल्या मुलांच्या चुका फेरीगणिक झपाट्याने कमी झाल्या, बालवाडीतल्यांच्या जवळपास तेवढ्याच राहिल्या. नुसता सराव करून काही हाती लागलं नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कारण ‘मुलांचं संवादकौशल्य वाढवणारे पत्ते’ म्हणून जे काही बाजारात मिळतं, त्यातलं बरंचसं सरावाच्याच भरवशावर असतं. पत्ता उचला, त्यावर लिहिलेलं असतं ‘तुला शेवटचं रडू कधी आलं ते सांग’, मूल सांगतं, पुढचा पत्ता. या प्रकाराला जुना आणि चांगला वारसा आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिया झॅकिच या बाईंचा घशाच्या विकारामुळे काही काळ आवाज बंद झाला. त्या अनुभवातून त्यांनी ‘अनगेम’ नावाचा खेळ तयार केला: कुणी जिंकत नाही, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी मध्ये न तोंड घालता ऐकायचं. मनातलं बोलायला, दुसऱ्याला बोलू द्यायला हे पत्ते उपयोगी पडतात. पण आपलं बोलणं समोरच्याला कळलं की नाही, याचा पत्ता त्यात लागत नाही. मूल काहीही बोललं तरी खेळ पुढे सरकतो. माझ्या मते संवाद शिकवायचा तर खेळ अडला पाहिजे. समजुतीत घोळ झाला की तो दोघांनाही डोळ्यांनी दिसला पाहिजे, आणि तो निस्तरल्याशिवाय पुढे जाता येता कामा नये.

असा खेळ घरच्या घरी, शाळेत, शिबिरात रचता येतो. सुरुवात पडद्यापासून करायची. उभं केलेलं दप्तरसुद्धा पुरतं. पडदा आला की मराठी मुलांच्या बोलण्यातले तीन आधार एका झटक्यात निकामी होतात: ‘हे’, ‘इकडे’ आणि ‘असं’. पत्त्यावरच्या रेषेचं वर्णन करताना मूल म्हणतं, ‘ती अशी जाते, मग अशी वळते’, आणि हवेत बोट फिरवतं. समोरासमोर ते अगदी चोख सांगणं असतं. पडद्याआड ‘अशी’चा अर्थ शून्य. मग मुलाला वर, खाली, तिरकी, टोकाशी, मधोमध असे शब्द शोधावे लागतात. डावं-उजवं मात्र सुरुवातीला टाळावं. समोरासमोर बसलेल्यांचं डावं-उजवं उलटं होतं आणि मोठी माणसंही त्यात अडकतात.

आता पत्ते. पत्त्यावर मांजर, विमान, आंबा काढला तर मूल नाव घेऊन मोकळं होणार. म्हणून दोन प्रकार करावेत. पहिल्यात सगळ्या पत्त्यांवर एकच छत्रीवाला माणूस. त्याच्या डोक्यावर टोपी आहे किंवा नाही, छत्री उघडी आहे किंवा मिटलेली, पायात चपला आहेत किंवा तो अनवाणी आहे, तो उभा आहे किंवा बसलेला. चार गोष्टी, प्रत्येकीच्या दोन शक्यता, म्हणजे २ × २ × २ × २ = १६ पत्ते. आता ‘छत्रीवाला माणूस’ हे वर्णन खरं आहे, पण सोळाही पत्त्यांना लागू पडतं. खरं सांगणं आणि पुरेसं सांगणं यांतला फरक इथे मुलाला पत्त्यांवरच दिसतो. दुसऱ्या प्रकारात ग्लुक्सबर्ग-क्राउससारख्या निनावी आकृत्या, आठ पुरेत.

सगळ्या पत्त्यांवर एकच माणूस का, याला मराठीत एक खास कारण आहे. समजा तुम्ही आंबा, पपई आणि केळं असे पत्ते काढले आणि मुलाने सूचना दिली, ‘पिवळं आहे’. खेळ संपला. आपल्याकडे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, त्यामुळे ‘पिवळं’ म्हणताक्षणी आंबा आणि पपई बाद होतात. मूल हे हिशेब करून करत नाही, कानच करतात. स्टॅनफर्डमध्ये केसी ल्यू-विल्यम्स आणि अ‍ॅन फर्नाल्ड यांनी २००७ मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या तीनेक वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. स्पॅनिशमध्ये नामाआधी येणारा छोटा शब्दच लिंग सांगतो, आणि दोन चित्रांतल्या वस्तूंची लिंगं वेगळी असली तर एवढ्या इशाऱ्यावर मुलांची नजर बरोबर चित्राकडे लवकर वळत होती. इंग्रजीत रचलेल्या ओळखण्याच्या खेळांत ही अडचण नसते. त्यांचे पत्ते भाषांतर करून मराठीत आणले तर सूचनांमधून उत्तर गळायला लागतं. म्हणून एका डावातली चित्रं एकाच लिंगाची असावीत: घोडा, बैल, उंट, हत्ती चालतील, त्यात गाय आणि वासरू नको. ‘लाल’, ‘गोल’, ‘जाड’ यांसारखी न बदलणारी विशेषणं मात्र बिनधोक.

नियमांचा सगळ्यात नाजूक भाग आहे तो प्रश्नांचा. सांगणाऱ्याच्या मनात एक छत्रीवाला, ऐकणाऱ्यासमोर सोळा पत्ते. ऐकणाऱ्याने विचारायचं. इथे वयाचा फरक स्पष्ट दिसतो. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या मोशर आणि हॉर्न्सबी यांच्या अभ्यासात ६ ते ११ वर्षांच्या मुलांपुढे ४२ चित्रं मांडली होती आणि त्यातलं एक हो-नाहीचे प्रश्न विचारून ओळखायचं होतं. सहा वर्षांची मुलं बहुतेक वेळा एकेका चित्रावर बोट ठेवत गेली: हे का? मग ते का? अकरा वर्षांची मुलं गटच्या गट बाद करणारे प्रश्न विचारत होती. आपल्या सोळा पत्त्यांत ‘टोपी आहे का?’ या एका प्रश्नात आठ पत्ते पालथे पडतात, मग चार, मग दोन, मग एक. चार प्रश्नांत काम फत्ते. ‘हा का?’ करत गेलं तर पंधरा प्रश्नही लागू शकतात. बाद झालेले पत्ते प्रत्यक्ष पालथे घालायला लावावेत, म्हणजे चांगल्या प्रश्नाची ताकद मुलाच्या हातांना कळते.

मग प्रश्न मोजून द्यावेत का? मोठ्यांच्या खेळात ही युक्ती फार सुंदर वापरली आहे. फ्रान्सच्या आंत्वान बोझाचा ‘हानाबी’ हा पत्त्यांचा खेळ २०१३ साली जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार घेऊन गेला. त्यात स्वतःचे पत्ते उलटे धरायचे असतात: माझे पत्ते माझ्याशिवाय सगळ्यांना दिसतात. एकमेकांना इशारे देता येतात, पण मोजकेच, आणि सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात. समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा विचार केल्याशिवाय एक पत्ताही टाकता येत नाही. पण हीच टंचाई सहा-सात वर्षांच्या मुलांवर लादली तर उलटं होतं. प्रश्नाला चिंचोका मोजावा लागतो म्हटल्यावर मूल चिंचोके राखून ठेवतं आणि अंदाजाने पत्ता उचलतं. ज्या सवयीसाठी खेळ मांडला तिलाच आपण दंड लावलेला असतो. म्हणून लहानांसाठी नियम उलटा करावा: प्रश्न विचारला की जोडीला चिंचोका मिळतो, मात्र त्या प्रश्नाने निदान एक पत्ता पालथा पडला तरच. ‘त्याच्याकडे छत्री आहे का?’ या प्रश्नाला काही मिळत नाही, आणि का नाही हे मुलं आपसांतच एकमेकांना समजावतात. चिंचोके जोडीचे, एकट्याचे नाहीत. दोघांचं हित एकच असलं की ऐकणाऱ्याचा गोंधळ हा सांगणाऱ्याचाही प्रश्न होतो.

हे मुद्दाम घडवावं लागतं, कारण लहान मुलांचा न्याय वेगळा असतो. ब्रिटनमध्ये एलिझाबेथ आणि पीटर रॉबिन्सन यांनी १९७०च्या दशकात मुलांना विचारलं: सांगणारा म्हणाला ‘फूल घेतलेला माणूस’, तशी चित्रं बरीच होती, ऐकणाऱ्याने भलतंच उचललं, चूक कुणाची? पाच-सहा वर्षांची मुलं सांगत, ऐकणाऱ्याची. त्याने नीट ऐकायला हवं होतं. सूचनाच अपुरी होती हे त्यांना सुचतच नव्हतं. थोडी मोठी मुलं सांगणाऱ्याकडे बोट दाखवू लागतात. मग रॉबिन्सन दांपत्याने घरांतली ध्वनिमुद्रित संभाषणं तपासली. मुलाचं बोलणं अस्पष्ट असलं की आया सहसा अंदाज बांधायच्या किंवा ‘काय?’ विचारायच्या. ‘तू कुठल्याबद्दल बोलतोयस ते मला कळलं नाही’ असं स्वच्छ सांगणाऱ्या आया थोड्याच होत्या, आणि त्यांची मुलं अपुरी सूचना ओळखण्यात पुढे होती. प्रयोगातही, घोळ का झाला हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितल्यावर त्यांची समज वाढली.

म्हणून या पत्त्यांत एक जादा पत्ता असावा आणि तो ऐकणाऱ्याच्या हातात राहावा: ‘कळलं नाही’. तो टाकला की खेळ थांबतो. पण तो टाकताना वाक्य पूर्ण करायचं: ‘कळलं नाही, कारण टोपीवाले अजून चार उरलेत.’ आपल्याकडे वर्गात ‘कळलं का?’ या प्रश्नाला एका सुरात ‘हो’ म्हणायची सवय पहिलीपासून लागते. ‘कळलं नाही’ म्हटल्यावर खेळातलं बक्षीस मिळतं, हे मुलांना अनुभवू द्यायलाच हवं.

निनावी आकृत्यांच्या डावात आणखी एक गोष्ट घडते. हर्बर्ट क्लार्क आणि डिआना विल्क्स-गिब्ज यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोठ्या माणसांच्या जोड्यांना टॅनग्रॅमच्या (भौमितिक तुकडे जोडून केलेल्या) १२ आकृत्या पडद्याआडून जुळवायला दिल्या होत्या. पहिल्या फेरीत एका आकृतीसाठी सरासरी ४१ शब्द खर्ची पडले, सहाव्या फेरीत ८. आधी ‘बर्फावर घसरत जाणारा माणूस, पण त्याने दोन्ही हात पुढे काढलेत’ असं लांबलचक वर्णन, शेवटी नुसतं ‘स्केटर’. दोघांची एक छोटीशी भाषाच तयार होते. मुलांच्या जोडीतही अशी नावं पडतात; कुठली तरी आकृती ‘कोंबडी’ होते आणि दोघं सुसाट सुटतात. तीन-चार फेऱ्यांनंतर जोड्या बदलाव्यात. नव्या जोडीदाराला ‘कोंबडी’ म्हटलं की तो गप्प बसतो, आणि जुन्या खेळाडूला पहिल्या फेरीतलं लांब वर्णन पुन्हा द्यावं लागतं. एकाला पुरलेले शब्द दुसऱ्याला पुरत नाहीत, हे समजायला मला तरी याहून सोपी रीत माहीत नाही.

वाळूचं घड्याळ या खेळात नको. वेळेची घाई झाली की अडखळत बोलणारं मूल आणि घरी वेगळी बोली बोलणारं मूल आधी मागे पडतं, आणि इथे तर त्यांनाच जास्त वाव हवा. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी पडदा छातीच्या खाली ठेवावा, म्हणजे चेहरा आणि हातांच्या खुणा दिसतील, पत्ते तेवढे झाकलेले राहतील. फरक फक्त लाल-हिरव्या रंगावर बेतू नयेत. हे दोन रंग वेगळे न दिसणारी मुलं, विशेषतः मुलगे, वर्गात असू शकतात.

तयार केलेला डाव मुलांपुढे ठेवताना स्वतः गप्प बसावं आणि एकच गोष्ट मोजावी: पत्ता उचलण्याआधी ऐकणाऱ्याने किती प्रश्न विचारले. तिसऱ्या फेरीपर्यंत आकडा हलला नाही तर चित्रं कितीही सुरेख असोत, नियम बदलावा लागतो. आणि खेळातलं कौशल्य खेळाबाहेर आपोआप जाईल असं गृहीत धरू नये. डब्याच्या सुट्टीत ‘ते दे ना’ ऐकल्यावर बाईंनी ‘कुठलं ते कळलं नाही’ म्हणणं हाही याच खेळाचा भाग.

छपाईचं गणित सोपं आहे. नेहमीच्या पत्त्याचा आकार ६३ × ८८ मिलिमीटर, जाड ए-फोर कागदावर असे नऊ बसतात. छत्रीवाल्याचे सोळा पत्ते दोघांना लागतात म्हणून बत्तीस, म्हणजे चार कागद, आणि चार कोरे पत्ते उरतात. दोन ‘कळलं नाही’साठी वापरावेत. राहिलेल्या दोनांपैकी एकावर एका मुलाने मनाला येईल ते चित्र काढावं, दुसरा पडद्यापलीकडच्याने नुसतं ऐकून आणि विचारून भरावा, आणि मग दोन्ही पत्ते शेजारी ठेवून कुठली रेघ सांगायची राहिली ते दोघांनी मिळून शोधावं.