मृत्यू पाहूनही न हलणारा चेहरा: अलिप्तता आणि बधिरता

लोकलखाली आलेल्या माणसाचा देह रुळांवरून उचलून स्ट्रेचरवर ठेवणारा हमाल आणि त्याच गाडीचा मोटरमन, या दोघांचेही चेहरे त्या घटकेला सारखेच निर्विकार दिसू शकतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अनेक वर्षे दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे जीव गमावत आली असल्याने, ‘यांना आता सवय झाली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः त्या शांततेमागे दोन निराळ्या अवस्था असू शकतात: कामाने अंगी आणलेली अलिप्तता आणि आघाताने आलेली बधिरता. (गाड्या किती उशिरा धावत आहेत एवढेच विचारणारा फलाटावरचा प्रवासी या दोहोंतही बसत नाही, त्याने फक्त उद्घोषणा ऐकलेली असते, त्यामुळे त्याला पाषाणहृदयी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.)

अलिप्तता संदर्भावर उभी असते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहतो तेव्हा समोर काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असते, हाताला नेमून दिलेले काम असते आणि शेजारी तेच काम करणारे सोबती असतात. तोच विद्यार्थी घरी आजी गेल्यावर ढसाढसा रडतो, कारण तिथे तो नातू असतो. 1960च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यातील भीषण अपघातांची, एका माणसाच्या मृत्यूचे दृश्य असलेली फीत लोकांना दाखवली. हा सारा अभिनय आहे असे ज्यांना आधी सांगितले होते, किंवा जे घडते ते अभ्यासकाच्या तटस्थ नजरेने पाहण्यास ज्यांना सुचवले होते, त्यांच्या शरीरातील ताणाची लक्षणे इतरांपेक्षा सौम्य आढळली, दृश्य मात्र सर्वांसाठी एकच होते.

मोटरमनला अशी पूर्वतयारी मिळत नाही. माणूस समोर दिसतो, ब्रेक लावला जातो, तरीही गाडी जागच्या जागी थांबत नाही, आणि पाहत राहण्यापलीकडे हाती काही उरत नाही. अशा वेळी आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, काळ मंदावतो, घडते आहे ते दुसऱ्याच कोणाच्या बाबतीत असे भासते. पहिले काही दिवस असे होणे म्हणजे आजार नव्हे.

अलिप्तता सहसा कामाच्या जागीच राहते, बधिरता मात्र घरापर्यंत येते. मुलाच्या वाढदिवसालाही काही वाटेनासे होते, ते स्थानक टाळले जाते, प्रसंग झोपेत पुन्हा दिसतो. हे महिनाभराहून अधिक टिकले तर तज्ज्ञांना भेटावे.

तरीही हमाल अलिप्त आणि मोटरमन बधिर अशी सरळ वाटणी करता येत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013च्या निदानपुस्तिकेने मानवी अवशेष गोळा करण्यासारख्या कामातून वारंवार होणाऱ्या संपर्कालाही आघाताच्या व्याख्येत स्थान दिले आहे. त्यामुळे ‘ठीक आहेस ना?’ या प्रश्नाला मिळणाऱ्या ‘हो’वर वरिष्ठांनी विसंबू नये, झोप कशी लागते, घरी बोलणे होते का, हे विचारावे, आणि गरज दिसल्यास सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक हाती द्यावा.