आरोग्यविमा दर व देयके : गोव्यातील रुग्णालयांचा पाठपुरावा

शासकीय आरोग्यविमा योजनांत उपचाराला किती दर मिळावा, त्या दरात काय काय धरावे आणि पैसे किती दिवसांत हाती पडावेत, यासाठी रुग्णालये व डॉक्टरांच्या संघटना शासनाकडे जो आग्रह धरतात तो. निवेदन, शिष्टमंडळ, खर्चाचे तपशील आणि शेवटी योजनेतून बाहेर पडण्याचा इशारा ही त्याची नेहमीची साधने होत.

या प्रथेचा उगम कुठे धरावा याविषयी दोन मांडण्या संभवतात. पहिली तिला पोर्तुगीज काळापर्यंत मागे नेते. जुन्या गोव्यातील राजरुग्णालय सोळाव्या शतकाच्या आरंभी अस्तित्वात आले. पुढे त्याचा कारभार मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेकडे आणि साधारणतः त्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट पाद्र्यांकडे गेला. खर्च राजकोशाचा आणि सेवा दुसऱ्याची, ही रचना तेव्हापासूनची आहे. मडगावचे हॉस्पिसियो रुग्णालय मात्र पाद्री मिरांडा यांनी दानाच्या बळावर उभे केले (सामान्यतः १८६७ हे वर्ष दिले जाते), म्हणून ते या परंपरेत नीट बसत नाही. दुसरी मांडणी विमायुगापासून सुरुवात करते. तीच अधिक ग्राह्य वाटते, कारण राजकोशाचे अनुदान संस्थेला मिळत असे, तर विम्यात प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला वेगळी किंमत ठरते. किंमत ठरल्याखेरीज तिच्यावर वाद होत नाही.

गोव्यात अशी किंमत व्यापक प्रमाणावर ठरली ती २०१६ साली सुरू झालेल्या राज्य शासनाच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण, नोंदणी शुल्क अनुक्रमे २०० व ३०० रुपये, अट पाच वर्षांच्या वास्तव्याची. ‘दीनदयाळ कार्ड’ घराघरांत असल्याने त्याचे अधिक वर्णन नको.

वादाचे मूळ ‘पॅकेज’ या संकल्पनेत आहे. पॅकेज म्हणजे एका उपचाराची सर्वसमावेशक रक्कम : खाट, भूल, शस्त्रक्रियागृह, औषधे, तपासण्या आणि सर्जनचे मानधन. रुग्ण तीन दिवसांत बरा झाला काय किंवा जंतुसंसर्ग होऊन अकरा दिवस राहिला काय, रक्कम तीच. शासनाच्या दृष्टीने याने अनावश्यक तपासण्यांना आळा बसतो, आणि हा युक्तिवाद वजनदार आहे. रुग्णालयांचे म्हणणे असे की सरासरीचे गणित शेकडो रुग्ण असलेल्या मोठ्या संस्थेला जमते. डिचोली किंवा काणकोणच्या वीस खाटांच्या नर्सिंग होमला एकच गुंतागुंतीचा रुग्ण महिन्याचा ताळेबंद बिघडवतो. प्रस्तुत नोंदकाराला या मुद्द्यात तथ्य दिसते.

दराइतकाच प्रश्न कागदाचा. गुडघेरोपणाच्या दाव्याला पूर्वमंजुरी, शस्त्रक्रियेआधीचा व नंतरचा एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि कृत्रिम सांध्याच्या खोक्यावरचा स्टिकर जोडावा लागतो. स्टिकर फाटला किंवा एक्स-रेवर तारीख उमटली नाही, तर ‘क्वेरी’, म्हणजे खुलाशाची मागणी, येते आणि फाइल मागे फिरते. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून तीनदा येतो, म्हणजे एकाच माणसाच्या महिन्याला बारा-तेरा बैठका. रक्कम लहान, पण प्रत्येक बैठकीची नोंद चोख हवी. अशा कामाला स्वतंत्र कारकून ठेवावा लागतो, आणि त्याचा पगार कोणत्याही पॅकेजमध्ये नसतो.

विलंबाबाबत राष्ट्रीय मापदंड केंद्राच्या आयुष्मान भारत या आरोग्यविमा योजनेचा (आरंभ २३ सप्टेंबर २०१८, कुटुंबाला वर्षाला पाच लाख). राज्यातल्या राज्यात पंधरा दिवस आणि परराज्यातील रुग्णासाठी तीस दिवस ही मुदत तेथे घातलेली आहे. ती पाळली न गेल्यास काय होते, याचे उदाहरण हरियाणाचे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील खाजगी रुग्णालयांनी थकबाकीच्या कारणावरून या योजनेखालील उपचार थांबवले. पुरवठादाराचे बिल व नर्सचा पगार दर महिन्याला द्यावाच लागतो, हे लक्षात घेता दर वाढवून मागण्यापेक्षा ठरल्या दिवशी पैसे मागणे हा पाठपुराव्याचा अधिक रास्त भाग ठरतो.

दर वर्षानुवर्षे न बदलण्याचे उदाहरण म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस ही आरोग्ययोजना. तिचे २०१४ चे बहुतांश दर दशकभर तसेच होते. सुधारित दर १३ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्ययोजना (२००३) हेच दर वापरते.

गोव्याचे वेगळेपण बांबोळीत, म्हणजे तेथील शासकीय गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात (गोमेकॉ) आहे. गोमेकॉत गोमंतकीयांना उपचार जवळजवळ मोफत मिळत असल्याने खाजगी रुग्णालयांच्या बहिष्काराला येथे मोठ्या राज्यांइतकी धार नाही. तरी योजनेशी संलग्न रुग्णालयांपैकी एक जरी गळाले, तरी गोमेकॉच्या, म्हापशाच्या आझिलो रुग्णालयाच्या व हॉस्पिसियोच्या रांगा लांबतात, आणि सत्तरी तालुक्यातून वृद्ध आईला घेऊन आलेल्या मुलाचा दिवस केसपेपर काढण्यातच जातो. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत बिगरगोमंतकीयांना शुल्क लागू झाले. त्यामुळे सिंधुदुर्ग व कारवारच्या रुग्णांनाही विमाकार्डाचा प्रश्न भेडसावू लागला.

रुग्णाकडून पॅकेजवर वरचे पैसे घेण्यास आयुष्मान भारतमध्ये मनाई आहे. दर अपुरा असला तरी ती तूट खाटेवरच्या माणसाकडून वसूल करणे समर्थनीय नाही. ती शासनाकडेच मागायला हवी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून याच योजनेत वयाची सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून एकाच आजीच्या पिशवीत दीनदयाळ व आयुष्मान अशी दोन कार्डे असू शकतात, आणि कोणते पुढे करावे हे तिला काउंटरवर विचारावे लागते.