कच्चा रंग, पक्का रंग: घरात कापड रंगवण्यामागचा इतिहास

पुण्यात हल्ली गच्च्यांवर कांद्याच्या किंवा डाळिंबाच्या सालीत रंगवलेले कुर्ते वाळताना दिसतात. 'पूर्वी घरोघरी असंच रंगवायचे' असं त्यावर हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

घरात व्हायचं ते कच्च्या रंगाचं काम. लग्नातलं हळदीचं वस्त्र, शिमग्याला उकळलेली पळसाची फुलं, प्राजक्ताच्या देठांचा केशरी. धुण्यात आणि उन्हात हे रंग उतरत, आणि ते गृहीतच धरलेलं असे. करडईच्या फुलांचा कुसुंबी रंगही असाच चंचल, म्हणून त्यात रंगवलेलं कापड पुन्हा पुन्हा रंगवून घ्यावं लागे.

पक्का रंग ही मात्र धंदेवाल्यांची विद्या होती. निळीचं काम 'निराळी' म्हणवणारे कारागीर करत, बाकीचं रंगारी. 1892 साली पुण्यात सार्वजनिक गणपती बसवणारे भाऊसाहेब रंगारी पेशाने वैद्य, मूळ आडनाव जावळे. पण घराण्याचा धंदा शालू रंगवण्याचा, म्हणून ते रंगारी. त्यांचा वाडा शालूकर बोळात होता, यावरून त्या भागात कसला व्यवहार चाले ते कळतं.

सुताला रंग सहज चिकटत नाही, हीच सगळी अडचण. रेशीम आणि लोकर रंग पटकन धरतात. सुती कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात मुरवून मग तुरटीत घालावं लागतं. हिरड्यातलं टॅनिन धाग्याला धरतं, तुरटीतलं अॅल्युमिनियम टॅनिनला आणि रंगालाही. त्याच हिरड्यावर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडला की काळा होतो (जास्त पडला तर कापड विरतं). हा हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला. तिथले महादेव कोळी आजही बाळहिरडा गोळा करून विकतात. लाल रंगासाठी मंजिष्ठा किंवा आल, म्हणजे बारतोंडीची मुळी. आलीच्या कामात कापड तेलात भिजवणं, वाळवणं, पुन्हा भिजवणं असं दिवसचे दिवस चाले. निळीचं तंत्र तर वेगळंच: ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून चुना-गूळ घालून आंबवायची, कापड हिरवट-पिवळं बाहेर येतं आणि हवेत निळं होतं. संसार सांभाळून हे करणार कोण?

मग रसायनशास्त्र आलं. 1856 मध्ये विल्यम पर्किनला जांभळा कृत्रिम रंग सापडला, 1868 मध्ये मंजिष्ठेच्या जातीतल्या युरोपीय मुळीतलं लाल रंगद्रव्य, अॅलिझरीन, जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं, 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. घरच्या रंगकामाच्या दृष्टीने मात्र माझ्या मते सगळ्यात मोठी घटना 1884 ची, काँगो रेड या कृत्रिम रंगाची. तुरटी नको, हिरडा नको. मीठ घालून उकळलं की सुती कापड लाल. पुढे याच प्रकारच्या रंगांच्या पुड्या किराण्याच्या दुकानापर्यंत पोचल्या आणि जुनी साडी पातेल्यात घालून नवी करणं घरच्या घरी जमू लागलं. म्हणजे अनेकांच्या आठवणीतलं आजीचं रंगकाम कारखान्याच्या रंगाचं असण्याचीच शक्यता जास्त.

1905 साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तरी रंगांच्या बाबतीत जर्मनीवरचं अवलंबन सुटलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात तिकडचा माल थांबला तेव्हा रंगांचे भाव कडाडले आणि देशी निळीची लागवड पुन्हा वाढली. युद्ध संपल्यावर ती परत ओसरली.

वनस्पतींकडे परत वळण्यामागेही तोच काँगो रेड आहे. तो बेंझिडीनपासून बनतो आणि बेंझिडीन कर्करोगकारक. जर्मनीने 1994 मध्ये काँगो रेडच्याच गटातले, 'अझो' म्हणवले जाणारे असे काही रंग वापरलेल्या कपड्यांवर बंदी आणली, भारतातही 1997 मध्ये अशा रंगांवर बंदी आली. निर्यातदारांची धावपळ झाली आणि झाडपाल्याच्या रंगांना हातमाग, खादी, बुटीक असं नवं गिऱ्हाईक मिळालं. त्यातूनच हौशी लोकांसाठी कार्यशाळा निघाल्या.

म्हणून आज फ्लॅटच्या ओट्यावर चालतं ते रंगाऱ्यांचं तंत्र आहे, लहान मापात. शंभर ग्रॅम सुती कापडाला साधारण पंधरा-वीस ग्रॅम तुरटी, त्याआधी तेवढाच हिरडा. हिरडा आणि मंजिष्ठा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. पाण्याचा फरक मात्र पडतो: खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यात आणि बोअरच्या जड पाण्यात मंजिष्ठेची छटा एक येत नाही, त्यामुळे टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांमध्ये आधी चिंधीवर करून बघावं. निळीची कुंडी घरात फार थोडे लोक लावतात; आंबवणाचा वास शेजाऱ्यांना सोसत नाही.