मासे तिथेच आहेत, पाणी सरकलंय

ऑगस्ट संपत आला की इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या मराठी मंडळींमध्ये एक ठरलेली तक्रार ऐकू येते. पाच-सहा जणांनी कॉन्ट्री काढून लेक मिशिगनवर मासेमारीसाठी चार्टर बोट, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याची बोट, बुक केलेली असते, मध्यरात्री उठून गाडी हाणत बंदर गाठलेलं असतं, आणि दुपारी कूलरमध्ये कसेबसे दोन मासे. मग कळतं की आदल्याच दिवशी त्याच बोटीवर लोकांनी कूलर भरभरून सॅमन नेले. झालं, चर्चा सुरू. कॅप्टन आळशी, नाहीतर मासे संपले, नाहीतर आपल्यातल्याच कुणाचा तरी पायगुण. वाऱ्याचं नाव कुणी काढत नाही, आणि मला तेच जरा खटकतं, कारण बहुतेक वेळा सगळी करामत वाऱ्याचीच असते. आणि ती मासेमारीपेक्षाही भारी गोष्ट आहे असं माझं मत.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे तळं म्हणजे 494 किलोमीटर लांब, 190 किलोमीटरपर्यंत रुंद, सरासरी खोली 85 मीटर आणि सगळ्यात खोल जागी 281 मीटर. पाणी गोडं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. इथला मूळचा मोठा शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने सी लॅम्प्रे नावाचा रक्तपिपासू प्राणी घुसला, त्यात जास्तीच्या मासेमारीची भर पडली आणि 1950च्या दशकात लेक ट्राउट जवळपास संपला. खाणारं कुणी उरलं नाही म्हटल्यावर एलवाइफ नावाचा छोटा मासा, तोही समुद्रातून आलेला, इतका माजला की 1967च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यावर लागले. मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्याआधीच, 1966 मध्ये, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्यातून आणलेल्या अंड्यांतून वाढवलेले कोहो सॅमन इथल्या नद्यांमध्ये सोडले होते, पुढच्या वर्षी चिनूक ही सॅमनचीच दुसरी जात सोडली, आणि त्यातून आजचा हा चार्टरचा धंदा उभा राहिला. चिनूकला इथे सगळे किंग म्हणतात. म्हणजे ज्या सॅमनसाठी आपण पैसे मोजतो तो मुळात पॅसिफिक महासागराचा पाहुणा आहे.

आता मुद्द्यावर येते. मे महिन्यात गावच्या विहिरीत उडी मारलेल्यांना माहिती असेल, वर पाणी कोमट असतं आणि जरा खाली गेलं की पाय एकदम गार पडतात. इथे तेच, फक्त प्रचंड प्रमाणात. पाणी 4 अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं हे शाळेत शिकलोय आपण. उन्हाळाभर ऊन खाऊन वरचा थर ऑगस्टमध्ये 20-22 अंशांवर जातो, हलका होतो आणि तरंगत राहतो. तळाचं पाणी मात्र 4-5 अंशांवर बसलेलं. आणि या दोघांच्या मध्ये काही मीटर जाडीचा एक पट्टा असतो ज्यात तापमान झपकन उतरतं, तोच थर्मोक्लाइन. ऑगस्टअखेर हा पट्टा साधारण 15 ते 30 मीटर खोल असतो.

माशाचं शरीर आजूबाजूच्या पाण्याएवढंच गरम किंवा गार असतं, त्यामुळे तापमान हा त्याच्यासाठी पचनाचा, दमाचा, वेगाचा सगळाच प्रश्न असतो. किंगला 10 ते 13 अंश मानवतं. लेक ट्राउट त्याहून गार पाण्यात, बऱ्याचदा तळाशी. स्टीलहेड हा ट्राउटचाच दुसरा प्रकार वरच्या जरा उबदार पाण्यात खुशाल फिरतो. एलवाइफला किंगपेक्षा गरम पाणी चालतं, म्हणून तो थर्मोक्लाइनच्या आसपास आणि वर घोटाळतो आणि किंग खालून येऊन त्याच्यावर झडप घालतो. म्हणजे मासे शोधायचे तर आधी हा पट्टा शोधायचा. सोपं वाटतं ना? पण हा पट्टा एका जागी थांबतच नाही.

का थांबत नाही ते बघा, आणि इथे जरा आकडेमोड सहन करा. 20 अंशांचं एक घनमीटर पाणी साधारण 998.2 किलो भरतं, 5 अंशांचं 999.97 किलो. फरक किती, तर पावणेदोन किलो. हजार किलोमागे पावणेदोन! आता समजा वाऱ्याने वरचं पाणी ढकलून एका बाजूला पृष्ठभाग 2 सेंटिमीटरने वर आला. म्हणजे तिथे दर चौरस मीटरवर 20 किलो जास्तीचं पाणी आलं. खालचं गार पाणी हा जादा दाब का सोसेल, ते तिथून सरकायला लागतं आणि त्याची जागा वरचं हलकं पाणी घेतं. पण एक मीटर गार पाण्याच्या जागी एक मीटर कोमट पाणी आलं तर वजन फक्त पावणेदोन किलोने कमी होतं. मग 20 किलोची भरपाई व्हायला किती मीटर लागतील? 20 भागिले 1.77, म्हणजे 11 मीटरच्या वर. वर बोटाच्या दोन पेरांएवढीही चढ नाही, बोटीवरच्या माणसाला ती दिसणं शक्यच नाही, आणि खाली थर्मोक्लाइन तीन मजले खचलेला. जवळजवळ साडेपाचशे पट! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा गणित करून बघितलं होतं.

एका बाजूला खचला की दुसऱ्या बाजूला वर येतो. पण कुठल्या बाजूला? इथे पृथ्वी आपला हात घालते. उत्तर गोलार्धात वाहणारं पाणी उजवीकडे वळतं. नॉर्वेच्या नान्सेन या संशोधकाने फ्राम जहाजावरच्या आर्क्टिक मोहिमेत (1893 ते 1896) बघितलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता जरा उजवीकडे सरकतो, आणि स्वीडनच्या एकमन या शास्त्रज्ञाने 1905 मध्ये त्याचं गणित मांडलं. वरचा अख्खा थर मिळून बघितला तर पाणी वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे जातं. म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेकडे वाहतोय, त्याची उजवी बाजू पश्चिम. लडिंग्टन, मॅनिस्टी ही बंदरं तळ्याच्या पूर्व काठावर, म्हणून दोन दिवस सलग उत्तरेचा वारा लागला की त्यांच्यासमोरचं कोमट पाणी आत तळ्यात निघून जातं आणि खालून बर्फासारखं गार पाणी वर येतं. पलीकडे मिलवॉकीला बरोब्बर उलटं, तिथे दक्षिणेच्या वाऱ्याने पाणी गार पडतं. एका दिवसात 10 अंशांचा फरक पडू शकतो, काल पोहणारी पोरं आज पाय घालून किंचाळत बाहेर. पावसाळ्यात केरळ-कर्नाटक किनाऱ्यावर खालचं पोषक पाणी वर येतं, त्यामागेही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे समुद्र आहे.

ही सगळी उलथापालथ मुख्यतः काठापासून 5-10 किलोमीटरच्या पट्ट्यात होते, आणि चार्टर बोटी फिरतात त्या नेमक्या तिथेच.

पुढची गंमत अजून आहे, थोडी डोक्यावरून जाईल पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वारा थांबला की थर्मोक्लाइन सरळ होऊन गप्प बसत नाही, तो आत डुलत राहतो. भर तळ्यात या डुलण्याचा काळ अक्षांशावर ठरतो, ढोबळ सूत्र म्हणजे 12 तास भागिले अक्षांशाचं साइन. लडिंग्टनच्या 44 अंशांना ते सव्वासतरा तासांच्या आसपास येतं, प्रत्यक्षात किंचित कमी (पुण्याच्या अक्षांशाला हाच आकडा जवळपास 38 तास येईल). म्हणजे पृष्ठभाग आरशासारखा स्वच्छ असतानाही खाली थर वर-खाली होत असतात आणि प्रवाह उजवीकडे गोल फिरत असतात. क्लिफर्ड मॉर्टिमर नावाच्या सरोवर-शास्त्रज्ञाने हे कसं पकडलं माहितीये? काठावरच्या शहरांचे नळपाणी खात्याचे पाइप तळ्यात खोलवर टाकलेले असतात, तिथे आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाची रोज नोंद होत असते. त्याने त्या जुन्या नोंदी काढून एकमेकींशी ताडून बघितल्या. म्युनिसिपालिटीच्या रजिस्टरातून लाटा शोधल्या!

तर सूत्र विसरलात तरी चालेल, बोटीवर हे कसं दिसतं ते बघा. मागच्या उन्हाळ्यात लडिंग्टनहून निघालो तेव्हा अंधारच होता, मेट, म्हणजे कॅप्टनचा मदतनीस, अंधारात चमकणाऱ्या स्पूनवर (चमच्यासारख्या धातूच्या आमिषांवर) फ्लॅश मारून ते उजळून घेत होता. मागच्या कडेला डाऊनरिगर लावलेले असतात, म्हणजे तारेच्या टोकाला 10-12 पाउंडांचा शिशाचा गोळा, त्याच्या जवळ क्लिपमध्ये अडकवलेली दोरी, आणि दोरीच्या टोकाला गळ आणि आमिष. गोळा जितका खाली तितकं आमिष खाली, मासा लागला की क्लिप सुटते आणि वाकलेला रॉड ताडकन सरळ होतो. एका गोळ्यावर तापमान आणि वेग मोजणारा प्रोब होता. मी त्याचा छोटा स्क्रीनच बघत बसले होते, बाकीचे फोटो काढत होते. जीपीएस बोटीचा वेग ताशी 2.8 मैल दाखवत होता आणि प्रोब खाली 2.1. कॅप्टनने सुकाणू फिरवून बोट उलट दिशेला घेतली तर जीपीएस तेवढाच आणि प्रोब 3च्या वर! म्हणजे खालचं पाणी आमच्याच दिशेने वाहत होतं आणि आता समोरून येत होतं. हेच ते आतले प्रवाह, आपल्या डोळ्यांसमोर आकड्यात. तीन मैलांवर स्पून नुसता गरगरतो म्हणून त्याने बोट हळू केली, प्रोब 54 फॅरनहाइटवर (साधारण 12 सेल्सियस) येईल इतका गोळा वर घेतला, आणि मग रॉड वाजायला लागले. आदल्या दिवशी तेच 54 किती तरी खाली होतं म्हणाला.

बाकी याच कॅप्टनने बोटीवर चढताना आमची पिशवी तपासून केळी काढून गाडीत ठेवायला लावली होती. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, ही इथली जुनी समजूत. प्रोबचे आकडे वाचणारा माणूस आणि केळ्याला घाबरतो! आपल्याकडे शनिवारी नवी गाडी न घेणारे इंजिनिअर असतातच की, त्यामुळे हसायला तोंड नव्हतं. दुसरं एक खूळ म्हणजे चंद्राच्या स्थितीवरून "आज मासे केव्हा खातील" सांगणारी कोष्टकं, आता त्यांची ॲप आली आहेत. या तळ्यांवर चंद्र-सूर्याने होणारी भरती-ओहोटी 5 सेंटिमीटरपेक्षाही कमी असते. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर 2 सेंटिमीटरने 11 मीटर हललं म्हणालात. खरंय, पण वारा फक्त वरच्या थराला ढकलतो, चंद्र वरच्या-खालच्या दोघांनाही सारखंच ओढतो, मग थर एकमेकांच्या तुलनेत तिरके होणार कसे? ॲपचे पैसे वाचवा आणि एनओएए या अमेरिकी सरकारी हवामान-समुद्र संस्थेच्या तरत्या बॉयांचे वाऱ्याचे आणि पाण्याचे आकडे बघा, ते फुकट आहेत.

आता ऑगस्टअखेरीचा घोळ. तापमानाचा हा नियम नेमका याच दिवसांत मोडायला लागतो. तीन-चार वर्षांचे वयात आलेले किंग अंडी घालायला नदीकडे निघतात, मॅनिस्टी किंवा पेर मार्केट नदीच्या मुखासमोर गोळा होतात, रंग काळपटतो, खाणं बंद होतं. तरी आमिषाला तोंड मारतात, बहुधा चिडून नाहीतर सवयीने. कोमट पाण्याचा पट्टा पार करायला ते कचरतात, पण उत्तरेच्या वाऱ्याने बंदरापर्यंत गार पाणी आलं की रात्रीतून आत घुसतात आणि त्या दिवशी धक्क्यावर उभं राहून गळ टाकणाऱ्यांची चंगळ, चार्टरवाले लांब पाण्यात मासे शोधत बसतात. नदी कुठली हे ते वासाने ओळखतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर हॅस्लर आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात कोहोची पिल्लं मॉर्फोलिन किंवा गुलाबासारखा वास येणारं फेनेथिल अल्कोहोल यांच्या अगदी सूक्ष्म मात्रेत वाढवून लेक मिशिगनमध्ये सोडली. दीड वर्षाने वेगवेगळ्या ओढ्यांमध्ये ते वास सोडले तर ज्याचा जो वास तो त्या ओढ्यात.

आणि मासे मिळालेच तर एक सांगते. मोठ्या, जास्त वयाच्या लेक ट्राउटच्या चरबीत पीसीबी नावाची जुनी औद्योगिक रसायनं साठलेली असतात, किंगमध्येही थोडीफार. राज्याच्या आरोग्य खात्याचं कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा याचं पत्रक असतं, ते बघा. कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकायची, आणि जाळीवर भाजायचं म्हणजे उरलेली चरबी निथळते. डोक्याचं कालवण मात्र नको, सगळी चरबी रश्श्यात उतरते.