वाकायामा: गावं, गाड्या आणि धंदे

जपानात ओसाकाच्या दक्षिणेला, कीई द्वीपकल्पावर वाकायामा प्रीफेक्चर (म्हणजे प्रांत) आहे. क्षेत्रफळ साधारण ४,७०० चौ. किमी., म्हणजे आपल्या सिंधुदुर्गापेक्षा थोडं लहानच, वस्ती ९ लाखांच्या आसपास, पण कारभार राज्यासारखा, निवडून आलेला गव्हर्नर वगैरे. आत नुसते डोंगर, त्यामुळे बहुतेक गावं किनाऱ्याला चिकटलेली आणि जेआरची (जपान रेल्वेची) किसेई लाइनही तशीच, वाकायामा शहर, गोबो, तानाबे, शिराहामा, शिंगू करत समुद्राच्या कडेकडेने जाते, तानाबेपर्यंत डबल ट्रॅक आणि पुढे सिंगल.

सगळ्यात गाजलेली लाइन मात्र छोटीशी, १४.३ किमीची किशिगावा. तोट्यात होती म्हणून नानकाई कंपनीने सोडली, २००६ मध्ये वाकायामा इलेक्ट्रिक रेल्वेने घेतली आणि २००७ मध्ये किशी स्टेशनाजवळच्या दुकानातली तामा नावाची मांजरी टोपीबिपी घालून चक्क स्टेशनमास्तर नेमली. हसू येतं, पण तिला बघायला लोक यायला लागले आणि लाइन तगली! तामा २०१५ मध्ये गेली, तिच्यामागून दुसरी मांजर नेमली.

नानकाईचीच दुसरी लाइन ओसाकातल्या नाम्बाहून गोकुराकुबाशीला जाते, तिथून केबल कारने कोयासान या बौद्ध मठांच्या गावात. तिथल्या विद्यापीठात २०१५ पासून डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे, महाराष्ट्र आणि वाकायामाचा सहकार्य करार २०१३ चा.

धंद्यांत पहिला मान उमेचा. हे जर्दाळूच्या कुळातलं आंबट फळ, जपानातलं निम्म्याहून जास्त उमे इथलंच, मुख्यतः मिनाबे आणि तानाबेचं. नानको जातीची फळं झाडावर पिकून आपोआप पडतात, म्हणून खाली जाळ्या पसरलेल्या असतात, जूनमध्ये रोज वेचायची, मग भरपूर मीठ घालून महिनाभर मुरवायची आणि कडक उन्हात उलटून-पालटून वाळवायची, झालं उमेबोशी. कैऱ्या खारवणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको. बागांच्या वर, डोंगरमाथ्यावर उबामे ओकचं रान मुद्दाम राखलेलं असतं, तिथल्या मधमाश्या उमेचं परागीभवन करतात आणि त्या ओकच्याच लाकडाचा बिन्चोतान कोळसा होतो. लालभडक असतानाच भट्टीतून ओढून राख-मातीखाली विझवतात, गार झाल्यावर दोन तुकडे आपटले की धातूसारखे खणखणतात.

बाकी मग आरिदाची संत्री, युआसाचा सोया सॉस, नाचिकात्सुउराचा ट्युना. वाकायामा शहरात स्टीलचा मोठा कारखाना आणि स्वेटर-हातमोजे विणणारी मशिन्स बनवणारी शिमा सेइकी.

आणि कितायामा! हे गाव नकाशावर वाकायामाला कुठेच टेकत नाही, चहूबाजूंनी नारा आणि मिए ही शेजारची प्रीफेक्चर. इथलं लाकूड तराफे बांधून नदीतून शिंगूला जायचं, सगळा व्यवहार तिकडेच, म्हणून प्रीफेक्चर निवडायची वेळ आली तेव्हा गाव वाकायामात राहिलं. लाकूड वाहणं कधीच बंद झालं, आता उन्हाळ्यात त्याच तराफ्यांवर टुरिस्ट उभे राहून भिजत जातात.