जॅक्सनची प्रयोगशाळा आणि लघवीची गोळी

मावशीला बीपीची गोळी सुरू झाली आणि चौथ्या दिवशी तिचा फोन. "बीपी हृदयाचं ना? मग डॉक्टरांनी लघवीची गोळी कशाला दिली? सकाळपासून तिसऱ्यांदा उठले."

प्रश्न बिनतोड होता. त्याच्या उत्तराचा मोठा भाग अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरातल्या विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात घडला. तिथल्या शरीरक्रियाशास्त्र विभागाचे आर्थर गायटन १९४८ ते १९८९ प्रमुख होते (कॉलेज जॅक्सनला आलं १९५५ साली, त्याआधी ते मिसिसिपीतल्याच ऑक्सफर्ड या गावी होतं). आपल्याकडे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला "गायटन वाचलास का?" हे ऐकलं नाही असा डॉक्टर क्वचितच सापडेल. १९५६ साली निघालेलं ते जाडजूड पाठ्यपुस्तक याच माणसाचं. त्यांना व्हायचं होतं सर्जन. पण १९४६ साली, शिक्षण चालू असतानाच पोलिओ झाला. उजवा पाय, डावा हात आणि खांदे अधू झाले. मग ते शिकवण्याकडे आणि संशोधनाकडे वळले.

त्यांचा पहिला मोठा प्रश्न होता, मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरतं, हा आकडा ठरवतं कोण? कुणीही म्हणेल, हृदय. गायटन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या उजव्या बाजूचं काम एका यांत्रिक पंपाकडे सोपवलं आणि पंपाची ओढ वाढवत नेली. थोडा वेळ रक्त वाढलं, मग वाढेचना. छातीत शिरणाऱ्या मऊ शिरा ओढीने चपट्या होऊन मिटत होत्या. विहीर असलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. तीनच्या जागी साडेसातची मोटार बसवली म्हणून पाणी वाढत नाही. झरे देतील तेवढंच मिळतं, फार ओढलं तर फूटव्हॉल्व्ह उघडा पडून मोटार हवा खाते. शरीरातले झरे म्हणजे स्नायू, यकृत, आतडी. त्यांना गरज पडली की ते आपल्या रक्तवाहिन्या सैल करतात, परतीचं रक्त वाढतं आणि निरोगी हृदय आलेलं सगळं पुढे ढकलतं. हृदय अगदीच हुकमाचं ताबेदार आहे असं नाही, पण मालक तर नक्कीच नाही.

मग दाब कोण ठरवतं? मानेतल्या धमनीत दाब मोजणाऱ्या नसा असतात. अंथरुणातून झटकन उठल्यावर आपण कोसळत नाही ते त्यांच्यामुळे. दाबाच्या लगामाचा मान साहजिकच त्यांना मिळाला होता. याच विभागात अ‍ॅलन काउली यांनी कुत्र्यांमधला या नसांचा संबंध तोडला आणि दाब चोवीस तास नोंदवत ठेवला. कुत्रा उभा राहिला, दाब खाली. खायला लागला, दाब वर. नोंदीचा कागद नुसता हेलकावे खात होता. पण दिवसभराची सरासरी काढली तर ती जवळपास पूर्वीइतकीच! म्हणजे नसा धक्के झेलतात, पातळी ठरवणारा दुसराच कुणी आहे.

गायटन यांनी बोट दाखवलं मूत्रपिंडाकडे. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातला जेमतेम दीड लिटर बाहेर टाकणारा हा अवयव. दाब वाढला की तो मीठ-पाणी जास्त सोडतो, आणि दाब मूळ पातळीला येईपर्यंत सोडतच राहतो. गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो ना, तसा. नळ मोठा सोडा की बारीक, पाणी त्या पाइपाच्या वर फार चढत नाही. बीपीच्या रुग्णात हा पाइपच वरच्या बाजूला बसलेला असतो. पुढे उच्च रक्तदाबाच्या जातीच्या उंदरांचं मूत्रपिंड साध्या उंदरात बसवून पाहिलं गेलं. दाबही त्याच्यासोबत आला.

१९७२ साली गायटन, टॉमस कोलमन आणि हॅरिस ग्रँजर यांनी रक्ताभिसरणाचा अख्खा नकाशा छापला. साडेतीनशेच्या आसपास चौकटी, प्रत्येकीमागे गणित, आणि ते सोडवायला त्या काळचा संगणक. दुरून पाहिलं तर रेडिओच्या आतल्या वायरींचं जंजाळ वाटतं. गायटन यांच्यानंतर विभाग सांभाळणारे जॉन हॉल लठ्ठपणाकडे वळले: पोटातली चरबी मूत्रपिंडाला बाहेरून दाबते, मीठ धरून ठेवायला लावते, वगैरे.

हे सगळ्यांना पटलंय असं मुळीच नाही. मेंदूकडून येणारे नसांचे हुकूम किंवा रक्तवाहिन्यांचं आकसणं आधी, मूत्रपिंड नंतर, असं म्हणणारेही तगडे संशोधक आहेत. मावशीच्या गोळीतही एक मेख आहे. सुरुवातीला लघवी वाढते, अंगातलं मीठ-पाणी घटतं आणि दाब उतरतो. काही आठवड्यांनी लघवी पूर्ववत होते, रक्ताचं आकारमानही जवळपास भरून येतं, तरी दाब खालीच राहतो, कारण तोवर बारीक धमन्या सैलावलेल्या असतात. त्या नेमक्या कशाने सैलावतात, यावर अजून भांडण चालू आहे.